आकृतिबंधातील रिकाम्या जागा

'आकृतिबंध' हा शब्द आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा कलाकृतीतील घटकांची परस्परसंबद्ध रचना असा त्याचा अर्थ सांगतो. कादंबरीचा आकृतिबंध, नाटकाचा आकृतिबंध, दीर्घकवितेचा आकृतिबंध. हाच शब्द महापालिका आणि नगरपरिषदा यांच्या कागदपत्रांत रोज वापरला जातो, आणि तेथे त्याचा अर्थ निराळा आहे. कोणत्या खात्यात कोणत्या हुद्द्याची किती पदे असावीत, याचा शासनाने मंजूर केलेला तक्ता म्हणजे आकृतिबंध. साहित्यकृतीतून एखादा आवश्यक घटक काढून घेतला तर कृती ढासळते, असे आपण मानतो. पालिकेच्या आकृतिबंधातून मात्र शेकडो माणसे वर्षानुवर्षे गायब असतात आणि तक्ता शाबूत राहतो. 'मंजूर पदे', 'भरलेली पदे', 'रिक्त पदे' असे तीन रकाने असतात, तिसरा रकाना पहिल्यातून दुसरा वजा करून लिहायचा असतो, आणि वजाबाकी बरोबर आली की तपासनीसाचे समाधान होते.

आम्ही मराठीचे अध्यापक. अर्थशास्त्र अथवा नगरप्रशासन हे आमचे क्षेत्र नाही, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे. परंतु अंदाजपत्रक हाही भाषेत लिहिलेला मजकूर असतो, आणि शब्द कसे झिजतात, काय दाखवतात आणि काय झाकतात, हे पाहणे आमच्या पेशातच येते. शिवाय या तिसऱ्या रकान्याशी आमचा आणखी एक संबंध आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षातील काही मुले पहाटे मैदानावर धावून येतात आणि अकराच्या तासाला त्यांच्या माना खाली पडू लागतात. ती पोलीस भरतीची तयारी करत असतात, कोणी अग्निशामक दलाच्या भरतीची. ज्या जागा भरायच्या नाहीत असे कोठेतरी ठरलेले आहे, त्या जागांसाठी ही मुले धावत आहेत की काय, असा प्रश्न त्यांच्याकडे पाहताना पडतो. २०२३ च्या आरंभी मुंबईत अग्निशामक दलाच्या ९१० पदांसाठी दहिसरच्या मैदानावर भरती झाली तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यांतून हजारो तरुण-तरुणी तेथे आल्या. फेब्रुवारीत महिला उमेदवारांची आणि पोलिसांची झटापट झाली, तेवढ्यापुरती तिची बातमी आली. इतकी माणसे काम मागायला येतात आणि इतकी पदे रिकामी राहतात, या दोन गोष्टी एकाच राज्यात एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा या लेखाचा विषय आहे.

सार्वजनिक सुरक्षेची सगळीच कामे स्थानिक संस्थांकडे नाहीत. पोलीस हे राज्य शासनाचे खाते आहे. पण आग विझवणे, पडलेल्या इमारतीखालून माणसे काढणे, पुरात दोर टाकणे ही कामे आपल्याकडे प्रामुख्याने पालिकांची आहेत. मुंबईत १८०३ साली कोटाच्या भागात मोठी आग लागली होती, तरी नियमित दल उभे राहायला पुढची पन्नासएक वर्षे गेली, आणि ते दलही आरंभी पोलिसांच्या हाताखाली होते. १८८७ मध्ये ते महापालिकेकडे आले, आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने अग्निशामक दल ठेवणे हे पालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत घातले. या अधिनियमात कर्तव्यांचे दोन वर्ग आहेत: जी केलीच पाहिजेत ती आणि जी इच्छेनुसार करता येतील ती. आग विझवणे पहिल्या वर्गात मोडते. राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमातही तसेच आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जे बारावे परिशिष्ट जोडले त्यातील अठरा विषयांत 'अग्निशमन सेवा' हा एक विषय आहे. तात्पर्य, कायद्याच्या भाषेत संदिग्धता नाही. संदिग्धता सुरू होते ती हिशेबाच्या भाषेत.

ती समजून घ्यायची तर घरपट्टीचे बिल हातात घ्यावे. पुण्यात त्याला मिळकतकर म्हणतात, मुंबईत मालमत्ता कर. बोलण्यात मात्र सर्वत्र घरपट्टीच. पुण्याचे बिल एखाद्या जुन्या बखरीसारखे वाचनीय आहे. त्यात सर्वसाधारण कर आहे, सफाईचा कर आहे, वृक्षकर आहे, शिक्षणाचा आणि रोजगार हमीचा कर आहे, आणि त्यांच्या ओळीत अग्निशामक कर आहे. मुंबईच्या अधिनियमातही सर्वसाधारण करात अग्निशामक दलाच्या खर्चासाठी म्हणून एक वेगळा अंश मिळवण्याची तरतूद आहे. म्हणजे 'आग विझवण्यासाठी' असे सांगून नागरिकाकडून पैसे घेतले जातात. रक्कम लहान असते, पण हेतू लिहिलेला असतो. हा पैसा पुढे महापालिका निधीच्या एकाच मोठ्या हौदात पडतो. या ओळीखाली किती जमा झाले आणि त्यातले किती त्या दलावर खर्ची पडले, हे बिल भरणाऱ्याला कोणी आपणहून सांगत नाही. बिलात कराला नाव असते. खर्चात ते नाव शोधावे लागते.

करांच्या नावांवरून एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८८८ च्या त्याच अधिनियमात मूळ 'हलालखोर कर' नावाचा कर होता. मैला वाहून नेणाऱ्या कामगारांच्या खर्चासाठी तो घेतला जाई. पुढे दुरुस्तीने तो शब्द गेला आणि त्याच्या जागी मलनिस्सारण कर आला. जुन्या शब्दावर जातीचा शिक्का होता, तेव्हा तो गेला हे योग्यच झाले. परंतु जाताना त्याने एक खूण पुसली. आधीच्या नावात राबणारा माणूस होता; नंतरच्या नावात नळ आणि वाहिन्या उरल्या. माणूस कामावरून गेला नव्हता, हे आपल्याला न्यायालयांच्या निकालांवरून कळते. गटारात उतरून मरण पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती रक्कम ३० लाख केली. म्हणजे मधल्या काळात माणसे उतरतच होती आणि मरतच होती. शब्दांतून गेलेला माणूस हिशेबातूनही जातो, आणि परत दिसतो तो भरपाईच्या लेखाशीर्षाखाली.

अग्निशामक दलाचे असेच होत आहे, असे आमचे म्हणणे आहे. त्यासाठी एक साधा हिशेब वाचकांसमोर ठेवतो. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरले तर बंबावरची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण मिळवले की चाराच्या वर. एका बंबावर चालक, एक प्रमुख आणि चार फायरमन अशी सहा माणसे धरली तर त्या एका गाडीमागे चोवीस-पंचवीस माणसांची नेमणूक हवी. समजा पंचवीसांपैकी पंधराच जागा भरलेल्या आहेत. अशा वेळी दोनच वाटा उरतात. एक, आहेत त्या माणसांना बारा-बारा, चोवीस-चोवीस तास राबवणे. दुसरी, वर्दी आल्यावर सहाऐवजी चौघांनी निघणे. आगीच्या ठिकाणी दोघांनी होज धरायचा, एकाने पाण्याकडे पाहायचे, एकाने गाडी सांभाळायची; मग आत शिरायला कोण, आणि आत गेलेल्याला बाहेरून आधार कोणाचा? रिक्त पदांच्या रकान्यातील आकडा असा प्रत्यक्षात येतो. तो तक्त्यात वर्षभर निपचित पडून असतो आणि एखाद्या रात्री दहा मिनिटांत वसूल होतो.

या दलाची 'वर्दी' ही संज्ञाही लक्षात घेण्याजोगी आहे. इतरांसाठी वर्दी म्हणजे गणवेश. अग्निशामक दलात आगीची खबर आली की 'वर्दी आली' म्हणतात. अंगावर चढवायची ती वर्दी आणि कानावर पडते ती वर्दी यांतले अंतर काही क्षणांचे असावे, अशी त्या कामाची रीत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर स्फोट झाले तेव्हा आग विझवायला गेलेले ६६ जवान मरण पावले. देशभर १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या एका जुन्या इमारतीत आग लागली; त्या आगीने दलाच्या मुख्य अधिकाऱ्यांसह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. दलाचा प्रमुख स्वतः आगीत उतरतो आणि जिवाला मुकतो, अशी खाती आपल्या प्रशासनात फार नाहीत. दर एप्रिलमध्ये पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात, संचलन होते. हे सारे व्हावेच. पण त्याच महिन्यात नवे आर्थिक वर्षही सुरू होते, आणि त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात हुतात्म्यांच्या वारसांना, म्हणजे आज कामावर असलेल्या फायरमनला, 'आस्थापना खर्च' हे नाव असते.

येथे आपण मुळाशी येतो. पालिकेच्या हिशेबात खर्चाचे दोन प्रकार असतात, महसुली आणि भांडवली. गाडी, शिडी, इमारत ही भांडवली बाजू. तिला आपण 'विकासकामे' म्हणतो. माणसाचा पगार ही महसुली बाजू; तिला 'आस्थापना' म्हणतात आणि तिच्यामागे बहुधा 'बोजा' हा शब्द येतो. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग भांडवली खर्चाचा होता. ही गोष्ट अभिमानाने सांगितली गेली, आणि रस्ते, पूल, मलजल प्रक्रिया केंद्रे ही शहराची गरज आहे यात वाद नाही. आमचा आक्षेप भाषेला आहे. नवा बंब घेतला की 'मत्ता' वाढते. तो चालवणारा घेतला की 'बोजा' वाढतो. नारळ गाडीपुढे फुटतो, भरतीपुढे फुटत नाही. केंद्र शासनाने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली, तीही स्वागतार्ह आहे. परंतु आधुनिक यंत्राला माणूस कमी लागत नाही. अधिक शिकलेला, अधिक सराव असलेला आणि टिकून राहणारा माणूस लागतो.

त्यावर राज्य शासनाचा एक दंडक आहे: महापालिकांचा आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत असावा. तो ओलांडला की नव्या भरतीला परवानगी मिळत नाही. या दंडकाचा हेतू वाईट नव्हता. पालिकांत वशिल्याने माणसे भरली जात आणि सगळे उत्पन्न पगारातच जाई, हा इतिहास आहे. पण कोणतेही गुणोत्तर दोन बाजूंनी बिघडते. माणसे वाढली तरी ते वाढते, आणि उत्पन्न आटले तरी वाढते. वेतन आयोग आला, जकात गेली, वसुली थकली, की एकही माणूस न घेता पालिका मर्यादेबाहेर जाते. मग शिपाई, कारकून आणि फायरमन यांच्या जागा एकाच न्यायाने गोठतात. नाशिकसारख्या वाढत्या शहरात अग्निशमन आणि वैद्यकीय विभागांच्या भरतीसाठी ही अट खास बाब म्हणून शिथिल करून घ्यावी लागली. आग विझवणे हे आवश्यक कर्तव्य म्हणायचे आणि त्यासाठी लागणारा माणूस 'खास बाब' ठरवायचा, ही विसंगती कोणालाही टोचत नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

आता करदात्याविषयी. 'करदात्याचा पैसा' हा शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे आणि तो बहुधा अशा सुरात वापरला जातो की, कर देणारे थोडे आणि खाणारे पुष्कळ. स्थानिक करांच्या बाबतीत हे चित्र कधीच खरे नव्हते. मुंबई पालिकेचा संसार दीर्घकाळ जकातीवर चालला. जकात नाक्यावर व्यापारी भरत असे, पण ती साबणाच्या वडीतून आणि तेलाच्या डब्यातून प्रत्येकाकडून वसूल होई, झोपडीत राहणाऱ्याकडूनही. इतर शहरांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी तोही गेला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकातही संपली. त्या बदल्यात राज्य शासन पालिकांना भरपाई देते, तीत दरवर्षी ८ टक्के वाढ गृहीत धरलेली आहे. पैसा आला, पण वसुलीचा अधिकार गेला. हाती उरला तो मुख्यतः मालमत्ता कर. त्यातही मुंबईत २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ झाला. लहान घरात राहणाऱ्याला दिलासा मिळाला याचे आम्हांला वाईट वाटत नाही. पण माफीमुळे तो माणूस 'करदाता' राहिला नाही, असे जे आडून सुचवले जाते ते चूक आहे. दुकानातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर तो कर देतच असतो. आगीच्या वेळी सर्वांत असुरक्षितही तोच असतो, कारण त्याच्या गल्लीत बंब शिरत नाही.

तरीही करदात्याच्या ज्या शंका आहेत त्या खोट्या नाहीत, आणि त्यांना टीकेने गप्प बसवणे अन्यायाचे होईल. पहिली शंका अशी: आग रोज लागत नाही, मग इतकी माणसे बसवून पोसायची कशाला? तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण घरात मुलांना सांगतो. तोच न्याय येथे आहे. अग्निशामक दलाची सज्जता हीच सेवा आहे, वर्दी हा त्या सेवेचा एक प्रसंग. शिवाय ही माणसे बसून राहणे अपेक्षितच नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. इमारतीतील यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र मालकाने दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे, असे त्यात आहे. प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेने द्यायचे, हे ठीक. पण दिलेले प्रमाणपत्र खरे आहे की नाही, हे जिने चढून पाहणारा कोणीतरी पालिकेकडे हवा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवर लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला, त्यानंतर मुंबईत तपासणीसाठी स्वतंत्र कक्ष करण्यात आले. आधी १४ माणसे जावी लागली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण गेले. ही रुग्णालये पालिकांची नव्हती, राज्य शासनाची होती; पण तपासणी करणारा, रात्री जागा असणारा, धूर पहिल्यांदा पाहणारा माणूस पुरेसा नसणे हे दुखणे सगळीकडे एकच आहे.

दुसरी शंका कंत्राटाची: हेच काम स्वस्तात होत असेल तर कायम माणूस का घ्यायचा? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. गोव्यात २००८ पासून समुद्रकिनाऱ्यांवरील जीवरक्षकांची सेवा खाजगी कंपनीकडे आहे. प्रशिक्षित जीवरक्षक किनाऱ्यावर दिसू लागले आणि पुष्कळ जीव वाचले, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच जीवरक्षकांनी पुढे सरकारी सेवेत घ्या म्हणून पणजीत दीर्घकाळ आंदोलन केले, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे. कंत्राटाने सेवा चालवता येते. प्रश्न आहे तो बचत कोठून होते याचा. माणसाच्या पगारातून, विम्यातून आणि प्रशिक्षणातून होत असेल तर ती बचत नाही, ती पुढे ढकललेली उधारी आहे. मुंबईतील कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात २०१७ मध्ये टिकला. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या होत्या. राज्य शासनाने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय काढला आणि विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. त्याच वर्षी मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून ३,००० माणसे अकरा महिन्यांसाठी घेण्याचे ठरले. अकरा महिने हा कालावधी आम्हांला फार परिचयाचा आहे. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे सहकारी तर महिन्यांत नव्हे, तासांत मोजले जातात. त्यांच्या हातून शिकवण्यात काही उणे राहिले तर विद्यार्थ्याचे नुकसान होते, तरी ते पुढे भरून काढता येते. शिडीवर चढलेल्या माणसाच्या बाबतीत तशी सवड नसते. आणि आगीत शिरताना मागच्या माणसावर विश्वास लागतो. तो वर्षानुवर्षे एकत्र सराव केल्याने येतो, निविदेने येत नाही.

तिसरी शंका सर्वांत गंभीर: पैसा कमी आहे की तो कोठेतरी मुरतो आहे? याबाबतीत आम्ही करदात्याच्या बाजूचे आहोत. मुंबई पालिकेच्या मुदत ठेवी २०२५ च्या आरंभी ८० हजार कोटींच्या वर होत्या. त्यांतला मोठा भाग भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि ठरलेले प्रकल्प यांसाठी बांधलेला असतो, हे मान्य. तरीही देशातील सर्वांत श्रीमंत पालिकेलाही रिक्त पदांचा रोग जडलेला आहे, त्या अर्थी 'पैसा नाही' हे कारण अपुरे आहे. पैसा असूनही माणूस घेतला जात नसेल तर ती टंचाई नसून पसंती आहे, आणि पसंतीला जबाबदार कोणीतरी असले पाहिजे. दुर्दैवाने हे कोणाला विचारायचे, हेच काही वर्षे कळत नव्हते. मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. २०२३, २०२४ आणि २०२५ ही तीन वर्षे अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडले आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच ते मंजूर केले. एकच व्यक्ती लेखक आणि समीक्षक झाली की ग्रंथाचे काय होते, हे आम्हांला नव्याने सांगायला नको. नगरसेवकांच्या सभागृहात गोंधळ होतो, हितसंबंध असतात, हे खरे. पण 'आमच्या प्रभागातील केंद्रात माणसे किती?' हा प्रश्न विचारण्याची जागा तीच आहे.

म्हणून आमच्या चार मागण्या आहेत. त्यांत नवा कर नाही. एक, जीवरक्षणाची पदे, म्हणजे फायरमन, बंबचालक, जीवरक्षक, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी, ही ३५ टक्क्यांच्या हिशेबातून कायमची वगळावीत. दरवेळी 'खास बाब' म्हणून मंत्रालयाच्या दारात उभे राहण्याची वेळ पालिकांवर येऊ नये. दोन, अग्निशामक कराच्या ओळीखाली जमा झालेली रक्कम आणि त्या दलावर झालेला खर्च हे दोन आकडे घरपट्टीच्या बिलाच्या मागेच छापावेत. कागदाची ती बाजू नाहीतरी सूचनांनी भरलेली असते आणि सूचना कोणी वाचत नाही. तीन, कोणताही नवा बंब अथवा शिडी विकत घेण्याच्या प्रस्तावात ती चालवायला लागणाऱ्या पदांची मंजुरी त्याच ठरावात असावी. माणसांवाचून यंत्राचा प्रस्ताव अपुरा समजून परत पाठवावा. चार, प्रत्येक केंद्राच्या दारावर एक फळा असावा: मंजूर पदे किती, आज कामावर किती, आणि गेल्या महिन्यात वर्दी आल्यापासून घटनास्थळी पोहोचायला सरासरी किती मिनिटे लागली. शाळेच्या फळ्यावर रोज पट आणि हजेरी लिहितात, तसेच हे.

यांतली चौथी मागणी सर्वांत स्वस्त आहे आणि आमच्या अंदाजाने तिलाच सर्वांत जास्त विरोध होईल. रिक्त पदांचा तिसरा रकाना कार्यालयातल्या फायलीत असतो तोवर तो वजाबाकीचा विषय राहतो. तोच रस्त्यावरच्या फळ्यावर आला की जाणारा-येणारा थांबून वाचील, आणि आपल्या घराचे अंतर मनाशी मोजील.